कालचा संगणक आज ओळखायचा कसा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत किती संगणक आहेत, असे विचारले तर उत्तर कोणाला विचारले यावर अवलंबून असते. लेखा विभागाकडे डेड स्टॉक रजिस्टर असते, एएमसीवाल्याकडे त्याची एक्सेल फाइल असते आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे स्विचच्या, म्हणजे संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या, पोर्टांची यादी असते. या तिन्हींचा मेळ आपोआप बसावा म्हणून यंत्रसामग्रीची नोंद घेणारी सॉफ्टवेअर तयार झाली. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी ही त्यांतली दोन परिचित मुक्तस्रोत नावे असून दोन्हींचा उगम फ्रान्समधला आहे. गेल्या काही वर्षांत अशा सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या नव्या सोयी पाहिल्या तर त्यांतल्या बऱ्याच सोयी एकाच अवघड प्रश्नाभोवती फिरताना दिसतात: आज नेटवर्कवर दिसलेले यंत्र हे कालचेच आहे की दुसरे? मोजणी चुकते ती बहुतेक वेळा याच प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे, असे माझे मत आहे.

माहिती गोळा करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रत्येक संगणकावर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवतात आणि तो ठरावीक वेळाने आतली माहिती वाचून सर्व्हरकडे पाठवतो. दुसऱ्या मार्गात सर्व्हर बाहेरूनच नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्याला हाक मारून कोण उत्तर देते ते पाहतो. जीएलपीआयमध्ये एजंटची माहिती स्वीकारण्यासाठी पूर्वी वेगळे प्लगिन बसवावे लागत असे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली.

एजंट किती खोलवर वाचतो याचे एक उदाहरण मॉनिटरचे देता येईल. केबल जोडल्याबरोबर मॉनिटर संगणकाला ईडीआयडी नावाची १२८ बाइटांची माहिती देतो. त्यात उत्पादकाची तीन अक्षरी खूण असते, एका बाइटमध्ये निर्मितीचा आठवडा असतो आणि त्याच्या पुढच्या बाइटमध्ये वर्ष असते. हे वर्ष १९९० पासून मोजलेले असते, म्हणजे तिथे २९ हा आकडा असेल तर मॉनिटर २०१९ मध्ये तयार झालेला आहे. स्टोअरमधले चलन हरवले असले तरी मॉनिटर स्वतःचे वय सांगू शकतो. हिशेब तपासणीच्या वेळी ही गोष्ट फार उपयोगी पडते.

संगणकाची ओळख मात्र इतकी सरळ नाही. संगणकाचे नाव कोणीही बदलू शकते. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक, तर बहुधा राउटरकडून तात्पुरता मिळालेला असतो. नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो, त्यातले सुरुवातीचे २४ बिट बहुधा आयईईई या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने उत्पादकाला नेमून दिलेले असतात, त्यामुळे तो बराच भरवशाचा वाटतो. पण हल्लीच्या पातळ लॅपटॉपना केबलचे पोर्टच नसते आणि एकच यूएसबी अडॅप्टर आज या टेबलावर तर उद्या त्या टेबलावर फिरतो. अशा वेळी मॅक पत्त्यावर विसंबणारे सॉफ्टवेअर दोन वेगळ्या लॅपटॉपना एकच समजते. राहिला मदरबोर्डच्या फर्मवेअरमधला, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममधला, अनुक्रमांक आणि यूयूआयडी नावाची १२८ बिटांची खूण. नामांकित कंपनीच्या तयार संगणकांत या दोन्ही गोष्टी सहसा व्यवस्थित भरलेल्या असतात.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या कार्यालयांत मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेले संगणकही चालतात आणि खरी पंचाईत तिथे होते. अशा मदरबोर्डांवर अनुक्रमांकाच्या जागी बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ हेच शब्द असतात, म्हणजे उत्पादकाने भरायची जागा कोरीच राहिलेली असते. यूयूआयडीच्या जागी अनेक बोर्डांवर ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ ही एकच संख्या आढळते. तिच्यातली शून्ये बाजूला केली की ३, २ आणि मग ४ पासून ९ पर्यंतचे आकडे ओळीने उरतात. ती केवळ जागा भरण्यासाठी टाकलेली आहे हे त्यावरून लगेच कळते. जुन्या पद्धतीच्या नोंदणीत असे १० संगणक एकाच नोंदीवर येऊन आदळतात, प्रत्येक जण आधीच्याची माहिती पुसून आपली लिहितो आणि यादीत शेवटी एकच संगणक उरतो.

यावरचा उपाय दोन भागांत आला आहे. अशा निरर्थक खुणांची एक काळी यादी सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली असते आणि प्रशासकाला तिच्यात भर घालता येते. त्या यादीतली खूण ओळखीसाठी ग्राह्य धरली जात नाही. त्यानंतर नियमांची उतरंड लागते: अनुक्रमांक आणि यूयूआयडी दोन्ही जुळले तर तेच यंत्र, फक्त अनुक्रमांक जुळला तर पुढचा नियम, काहीच नसेल तर मॅक पत्ता आणि अगदी शेवटी नाव. हा क्रम आपल्या कार्यालयातल्या यंत्रांप्रमाणे बदलता येतो, आणि तो बदलायलाच हवा असा माझा आग्रह आहे. सगळे लॅपटॉप एकाच कंपनीचे असलेल्या ऐरोलीच्या आयटी पार्कातली उतरंड जुळवलेल्या संगणकांच्या कार्यालयात जशीच्या तशी वापरली तर यादी बिघडणारच.

मोबाइल फोनांनी हा प्रश्न आणखी अवघड केला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फाय नेटवर्कसाठी यादृच्छिक मॅक पत्ता तयार करून वापरतो, जेणेकरून त्याचा माग काढता येऊ नये. हा पत्ता ओळखण्याची खूण मात्र त्याच्यातच असते. मॅक पत्ता ० ते ९ आणि ए ते एफ अशा १२ चिन्हांत लिहितात: डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून स्थानिक पातळीवर तयार झालेला आहे. सॉफ्टवेअरने असे फोन वेगळ्या रकान्यात टाकावेत आणि त्यांचा पाठपुरावा करू नये हे मला योग्य वाटते, कारण फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो आणि मालमत्तेच्या यादीत त्याला जागा नाही.

स्विच, राउटर आणि प्रिंटर यांच्यावर एजंट बसवता येत नाही, म्हणून त्यांना एसएनएमपी या नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती विचारण्याच्या, १९८८ पासून चालत आलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतात. उत्तरात एक लांबलचक बिंदूयुक्त क्रमांक येतो. तो १.३.६.१.४.१.९ ने सुरू होत असेल तर यंत्र सिस्कोचे, शेवटी ९ ऐवजी ११ असेल तर एचपीचे. प्रिंटर आजवर किती पाने छापली तेही सांगतो. या पद्धतीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच नेटवर्कवरून जातो आणि कित्येक यंत्रांवर तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. माहिती गोळा करायला निघालेल्या माणसाने आधी तो बदलावा आणि शक्य असेल तिथे तिसरी आवृत्ती वापरावी.

नव्या सोयींत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपोआप तयार होणारा जोडणीचा नकाशा. २००५ चे एलएलडीपी हे मानक पाळणारा प्रत्येक स्विच साधारणपणे दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपले नाव आणि पोर्ट कळवतो. शिवाय कोणत्या पोर्टामागे कोणते मॅक पत्ते दिसले याचा तक्ता स्विचकडे असतोच. ही दोन्ही माहिती एकत्र केली की कोणता संगणक कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टावर आहे ते कळते. एका पोर्टामागे अचानक आठ-दहा पत्ते दिसू लागले आणि तिथून एलएलडीपीचे उत्तर येत नसेल, तर गाळ्याच्या पोटमाळ्यावर कोणीतरी साधा स्विच लावून ठेवला आहे असा अंदाज बांधता येतो.

हाक मारून शोधण्याच्या पद्धतीला आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीमुळे मात्र मर्यादा पडते. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते असतात आणि ते काही क्षणांत तपासून होतात. आयपीव्ही६ च्या एका नेटवर्कमध्ये २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. सेकंदाला १० लाख पत्ते तपासले तरी ५ लाख ८० हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणून सॉफ्टवेअर आता राउटरकडेच त्याच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे त्याला नेटवर्कवर दिसलेल्या यंत्रांचा, तक्ता मागते.

यंत्रांवरच्या सॉफ्टवेअरची यादीही आता वेगळ्या कारणाने महत्त्वाची झाली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा घटकातला गंभीर दोष उघड झाला, तेव्हा तो घटक इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला असल्याने स्थापित प्रोग्रॅमांच्या यादीत दिसत नव्हता. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच संस्थेने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीसाठी, म्हणजे त्याच्या पोटातल्या भागांच्या यादीसाठी, मार्गदर्शक तत्त्वे दिली. बाधित यंत्रे कोणती हे शोधण्यातच ते तास संपू नयेत यासाठी ही यादी आधीपासून तयार असावी लागते.

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. यंत्रे चालवणारे जुने पीएलसी नियंत्रक अनपेक्षित प्रश्नांचा मारा झाला तर अडकून पडू शकतात आणि त्यांच्याबरोबर उत्पादनही थांबू शकते. तिथे हाक मारण्याऐवजी स्विचच्या एका पोर्टावर नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीची प्रत घेऊन नुसते ऐकणारी सोय वापरतात. ऐकण्यातून पत्ता आणि उत्पादक बहुधा कळतो, अनुक्रमांक मात्र क्वचितच. तो नियंत्रकावरच्या पट्टीवरून वाचून हाताने भरावा लागतो. हाताने भरलेला रकाना पुढच्या आपोआप नोंदीत पुसला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप लावण्याची सोय जीएलपीआयसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.