गुंगीचे औषध आणि घरातील लैंगिक अत्याचार

एखाद्या व्यक्तीला तिच्या नकळत झोपेचे, गुंगीचे किंवा शुद्ध हरपणारे औषध देऊन तिच्यावर लैंगिक अत्याचार करणे, आणि तो करणारा नवरा, बाप, भाऊ किंवा घरातलाच दुसरा कोणी असणे, अशा गुन्ह्यांचा या नोंदीत विचार केला आहे. औषध देऊन माणसाला ताब्यात ठेवण्याच्या या प्रकाराला फ्रान्समध्ये ‘रासायनिक अधीनता’ अशा अर्थाची संज्ञा रूढ आहे. मराठीत तिच्यासाठी वेगळा शब्द नाही. वर्तमानपत्रांत ‘गुंगीचे औषध देऊन’ हा शब्दप्रयोग नेहमी येतो, पण तो वाचताना डोळ्यांसमोर येतो तो रेल्वेच्या डब्यात ओळख काढून बिस्कीट किंवा चहा देणारा आणि सामान घेऊन पसार होणारा भामटा. फ्रान्समध्ये हीच जागा नाइट क्लबमध्ये पेल्यात काहीतरी मिसळणाऱ्या तरुणाने घेतली होती. दोन्ही चित्रांत गुन्हेगार परका आणि जागा घराबाहेरची आहे. ही समजूत मोडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत या अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या गुन्ह्यासाठी वापरली जाणारी औषधे बहुधा दुर्मीळ नसतात. लोराझेपामसारखी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे आणि झोल्पिडेमसारखी झोपेची औषधे चिंता, निद्रानाश, फिट येणे अशा कारणांसाठी डॉक्टर रोज लिहून देतात आणि ती घरोघरी औषधांच्या डब्यात असतात. त्यांची मात्रा वाढली की गाढ झोप लागते, स्नायू सैल पडतात, आणि औषधाचा अंमल असेपर्यंत जे घडते त्याची आठवण मेंदूत साठतच नाही. पुढे कितीही प्रयत्न केला तरी ती परत येत नाही, कारण ती मुळात तयारच झालेली नसते. म्हणजे इतर गुन्ह्यांत जी व्यक्ती पहिली साक्षीदार असते, तीच इथे साक्ष देऊ शकत नाही. तिच्याकडे उरतात ती फक्त लक्षणे: सकाळी डोके जड असणे, आदल्या संध्याकाळचे काही न आठवणे, विसरभोळेपणा, वजन घटणे, ओटीपोटाच्या किंवा योनिमार्गाच्या तक्रारी. यांतले प्रत्येक लक्षण वय, रजोनिवृत्ती, ताण किंवा नैराश्य यांच्या खात्यावर सहज टाकता येते, आणि तसे ते टाकलेही जाते.

पुरावाही झपाट्याने नाहीसा होतो. रक्तातून ही द्रव्ये लवकर निघून जातात, लघवीत ती साधारणपणे काही दिवस सापडतात, आणि जीएचबी या गुंगी आणणाऱ्या अमली पदार्थासारखे द्रव्य तर लघवीतूनही सुमारे बारा तासांत दिसेनासे होते. त्यामुळे संशय आल्याबरोबर लघवीचा नमुना घेतला जाणे आणि पेला, बाटली किंवा उरलेले अन्न न धुता ठेवणे फार महत्त्वाचे असते. दिवस उलटून गेले तरी केसांचा मार्ग उरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि शरीरात गेलेल्या औषधाची खूण त्यांत राहते, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी घेतलेल्या केसांच्या तपासणीतून ते कोणत्या सुमारास दिले गेले याचा अंदाज बांधता येतो.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते दक्षिण फ्रान्समधील माझाँ या गावातील खटल्याने. व्होक्लूझ विभागात, माँ व्हाँतू पर्वताच्या परिसरात वसलेल्या या लहान गावात जिझेल पेलिको आणि त्यांचे पती दोमिनिक निवृत्तीनंतर, 2013 मध्ये, राहायला आले. त्यांचे लग्न 1973 साली झाले होते. तीन मुले आणि नातवंडे असा त्यांचा परिवार होता. न्यायालयात सिद्ध झाले त्यानुसार 2011 ते 2020 या काळात दोमिनिक पत्नीच्या खाण्यापिण्यात लोराझेपाम मिसळत होता, तिच्यावर बलात्कार करत होता आणि इंटरनेटवरील एका संकेतस्थळावरून अनोळखी पुरुषांना त्यासाठी घरी बोलावत होता. येणाऱ्यांना त्याच्या सूचना असत: गाडी घरापासून लांब लावायची, अंगाला अत्तराचा किंवा सिगारेटचा वास नको, कपडे स्वयंपाकघरात उतरवायचे, हात आधी गरम करून घ्यायचे. झोपलेल्या स्त्रीला जाग येऊ नये आणि सकाळी घरात काही वेगळे जाणवू नये, एवढाच त्यांचा उद्देश होता.

त्या वर्षांत जिझेल यांचे केस गळत होते, वजन उतरत होते, संभाषणे आठवत नव्हती. आपल्याला अल्झायमर किंवा मेंदूत गाठ झाली असावी अशी त्यांची खात्री होत चालली होती. त्यांनी गाडी चालवणे सोडले. मेंदूच्या तपासण्या झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे खेपा झाल्या, आणि त्यांच्यासोबत अनेकदा नवराच असे. एकदा त्याने पुढे केलेल्या बिअरला विचित्र हिरवट छटा आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तसे म्हणताच त्याने ती घाईने सिंकमध्ये ओतून टाकली. नऊ वर्षांत गुन्हा उघड्यावर येण्याच्या इतका जवळ आलेले क्षण फार थोडे असतील. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर सुमारे चार दशकांची सोबत होती आणि तिच्यावर संशय घेण्याचे काहीच कारण नव्हते. ‘इतकी वर्षे कळले कसे नाही’ हा प्रश्न अशा स्त्रियांना वारंवार विचारला जातो. तो अन्यायकारक आहे, कारण न कळावे यासाठीच तर औषध दिलेले असते.

गुन्हा उघडकीस आला तो दुसऱ्याच कारणाने. सप्टेंबर 2020 मध्ये कार्पांत्रास येथील एका सुपरमार्केटमध्ये स्त्रियांच्या स्कर्टखालून चित्रण करताना सुरक्षारक्षकाने दोमिनिकला पकडले. पोलिसांनी त्याची उपकरणे ताब्यात घेतली आणि त्यांत वीस हजारांहून अधिक छायाचित्रे व चित्रफिती सापडल्या. 2 नोव्हेंबर 2020 रोजी जिझेल यांना पोलीस ठाण्यात ती दाखवण्यात आली, तेव्हा छायाचित्रातली निपचित पडलेली स्त्री आपणच आहोत हे त्यांना प्रथम ओळखता आले नाही.

खटला आव्हीन्यों येथे 2 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला. फ्रेंच कायद्यानुसार तो बंद दाराआड चालवण्याची मागणी करण्याचा हक्क जिझेल यांना होता. त्यांनी तो नाकारला. न्यायाधीशांनी चित्रफिती पाहताना प्रेक्षक आणि पत्रकारांना बाहेर काढण्याचे ठरवले, तेव्हा जिझेल यांच्या वकिलांनी त्यालाही विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय बदलून घेतला. लाज पीडितेला नव्हे, अत्याचार करणाऱ्याला वाटली पाहिजे, ही फ्रेंच स्त्री-चळवळीतली जुनी घोषणा होती. ती त्यांच्या या निर्णयामुळे रस्त्यावरच्या भिंतींपर्यंत पोहोचली. आरोपींमध्ये विशीतल्या तरुणापासून सत्तरी ओलांडलेल्यापर्यंत, अग्निशामक जवान, परिचारक, ट्रकचालक, पत्रकार असे सगळे होते, आणि नवऱ्याची संमती होती म्हणजे झाले, असा बचाव त्यांतल्या अनेकांनी केला. एकाने तर दोमिनिककडून ही पद्धत शिकून ती स्वतःच्या बायकोवर वापरली होती. 19 डिसेंबर 2024 रोजी सर्व 51 आरोपी दोषी ठरले. दोमिनिकला कमाल म्हणजे 20 वर्षांची शिक्षा झाली. इतरांपैकी अखेरपर्यंत अपील चालवणाऱ्या एकाच आरोपीची शिक्षा नीम येथील न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये 9 वरून 10 वर्षांवर नेली.

फ्रान्समध्ये लैंगिक गुन्ह्याच्या हेतूने कोणाला नकळत असे द्रव्य देणे हा 2018 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि विवाहांतर्गत बलात्काराला तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच गुन्हा मानले होते. माझाँ खटल्यानंतर, नोव्हेंबर 2025 च्या कायद्याने, बलात्काराच्या व्याख्येत संमतीचा अभाव स्पष्टपणे लिहिला गेला. भारतात गुंगी आणणारा पदार्थ देऊन मिळवलेल्या संमतीला संमती न मानणारे कलम 1983 च्या दुरुस्तीने आले. त्या दुरुस्तीमागे महाराष्ट्रातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील बलात्काराचे मथुरा प्रकरण होते, आणि त्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध 1979 मध्ये खुले पत्र लिहिणाऱ्या चार प्राध्यापकांत रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. हेच कलम आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे, आणि गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचे औषध देण्यासाठी कलम 123 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र कलम 63 मध्येच अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या लैंगिक कृत्याला बलात्कार न मानणारा अपवादही आहे. माझाँमध्ये ज्या गुन्ह्यासाठी नवऱ्याला सर्वांत मोठी शिक्षा झाली, तो भारतात त्याच नावाने त्याच्यावर लावता येत नाही, आणि ही उणीव किरकोळ नाही. पीडितेची ओळख उघड करण्यास आपल्याकडे मनाई आहे. ती उघड करण्याची लेखी परवानगी मात्र ती स्वतः देऊ शकते. बलात्कारपीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र घरातील हिंसेची खूण रुग्णालयातच ओळखण्याचे काम करते.

रुग्णालयात ही खूण ओळखली जावी, हाच पेलिको दांपत्याची मुलगी कारोलिन दारियाँ यांच्या कामाचा गाभा आहे. ‘दारियाँ’ हे त्यांनी दाव्हिद आणि फ्लोरियाँ या भावांच्या नावांतून घडवलेले लेखननाव. वडिलांच्या अटकेनंतर पोलिसांनी त्यांनाही दोन छायाचित्रे दाखवली. त्यांत त्या स्वतः झोपलेल्या होत्या, आणि अंगावरची अंतर्वस्त्रे त्यांच्या ओळखीची नव्हती. त्या धक्क्याने त्यांना काही दिवस मानसोपचार रुग्णालयात काढावे लागले. 2022 मध्ये त्यांनी आपला अनुभव पुस्तकरूपाने लिहिला आणि 2023 मध्ये ‘मला झोपवू नकोस’ अशा अर्थाच्या नावाने मोहीम सुरू केली. तिच्यातून पुढे त्याच नावाची संस्था उभी राहिली. हा गुन्हा बारमध्ये कमी आणि घरच्या औषधाच्या कपाटातून जास्त घडतो, हे त्या डॉक्टर, औषधविक्रेते, पोलीस आणि खासदारांना सांगत राहिल्या. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या तपासणीत औषधांची चाचणी व्हावी, ती परवडणारी असावी, आणि नवरा सोबत असेल तर त्याला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावे, अशा साध्या गोष्टींसाठी हा आग्रह आहे. आपल्यालाही नकळत अमली पदार्थ दिला गेल्याचे सांगणाऱ्या खासदार साँद्रीन जोसो यांनी हा विषय संसदेत नेला.

दारियाँ यांचा लढा आईच्या लढ्यापेक्षा एका बाबतीत अवघड आहे. आईच्या बाबतीत शेकडो चित्रफिती होत्या. त्यांच्याकडे ती दोनच छायाचित्रे आहेत. मुलीची अश्लील छायाचित्रे काढल्याबद्दल दोमिनिक दोषी ठरला, पण तिला औषध दिल्याचे किंवा स्पर्श केल्याचे तो नाकारत आला आहे. या खटल्यातील विसरलेली पीडिता आपण आहोत, असे दारियाँ म्हणतात. मार्च 2025 मध्ये त्यांनी वडिलांविरुद्ध औषध देऊन लैंगिक अत्याचार केल्याची स्वतंत्र तक्रार दाखल केली. तिला आधार आहे तो त्या दोन छायाचित्रांचा, आणि त्या रात्रींचे काहीही न आठवण्याचा.