पिचीची (राफाएल मोरेनो अरांथादी)

पिचीची या टोपणनावाने ओळखला जाणारा राफाएल मोरेनो अरांथादी (२३ मे १८९२ – मार्च १९२२) हा बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा आणि स्पेनच्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा आघाडीपटू होता. स्पॅनिश वर्तमानपत्रांत ‘पिचीची’ हा शब्द आज सामान्यनामासारखा वापरला जातो आणि मोसमात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू असा त्याचा अर्थ होतो. मात्र ज्या साखळी स्पर्धेतील गोल मोजून हे बिरुद दिले जाते, ती स्पर्धा १९२९ मध्ये सुरू झाली आणि पिचीची तिच्या सात वर्षे आधीच वारला होता. त्यामुळे त्याची कारकीर्द समजून घेताना साखळी, गुणतक्ता आणि मोसमी आकडेवारी हा आजचा सारा साचा बाजूला ठेवावा लागतो.

पिचीचीचा जन्म स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतातील बिल्बाओ शहरात, एका सुखवस्तू आणि सुशिक्षित घराण्यात झाला. वडील वकील होते आणि काही काळ शहराचे महापौरही होते. प्रसिद्ध लेखक व विचारवंत मिगेल दे उनामुनो हे त्याच्या नात्यातले होते. बांधा लहानखुरा असल्यामुळे थोरल्या भावाने बालपणीच त्याला पिचीची हे लाडके नाव दिले आणि पुढे मैदानावरही तेच रूढ झाले. देउस्तो विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी त्याचे नाव घातले गेले, पण तो अभ्यास त्याने पुरा केला नाही. लोखंडाच्या खाणी आणि बंदर यांमुळे इंग्लंडशी जोडल्या गेलेल्या बिल्बाओमध्ये इंग्रज खलाशी व कामगार यांच्याबरोबर फुटबॉल आला होता आणि इंग्लंडहून परतलेल्या तरुणांनी तो उचलला होता. अशा शहरात चेंडूच्या नादी लागलेला विद्यार्थी ही नवलाची गोष्ट नव्हती.

१९११ मध्ये तो अ‍ॅथलेटिककडून खेळू लागला आणि १९२१ पर्यंत त्याच क्लबकडे राहिला. त्याची उंची जेमतेम १ मीटर ५५ सेंटिमीटर होती. धिप्पाड बचावपटूंच्या गर्दीत एवढ्या ठेंगण्या खेळाडूचा निभाव कसा लागत असेल, हा प्रश्न छायाचित्रे पाहताना मनात येतोच. चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवणे, जोरकस फटका आणि चेंडूचा नेमका अंदाज ही त्याची बलस्थाने होती. उंची कमी असूनही डोक्याने गोल करण्याबद्दल त्याची ख्याती होती. डोक्याला गाठी मारून बांधलेला पांढरा रुमाल ही त्याची ओळख बनली. त्या काळचा चेंडू चामड्याचा असे, पावसात भिजून जड होई आणि त्याचे तोंड वादीने शिवलेले असे. ती वादी कपाळावर बसली तर कातडी सोलवटून निघे. डोक्याने खेळणाऱ्याला रुमालाची गरज का भासे, ते यावरून कळते.

त्या काळात गोल करणे किती अवघड होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या कामगिरीची किंमत कळत नाही. संघ सहसा दोन बचावपटू, तीन मधले खेळाडू आणि पाच आघाडीपटू अशा रचनेने खेळत. पाच आघाडीपटू म्हणजे गोलांचा पाऊस असे वाटेल, पण १९२५ पर्यंतच्या ऑफसाइडच्या नियमानुसार चेंडू पुढे दिला जात असताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. एक चतुर बचावपटू दोन पावले पुढे सरकला, की सगळी चढाई फुकट जाई. अशा नियमाखाली ज्याने सातत्याने गोल केले, त्याच्याकडे पायांच्या कसबाइतकीच वेळेची जाण होती असे मानावे लागते.

२१ ऑगस्ट १९१३ रोजी बिल्बाओत सान मामेस हे नवे मैदान खुले झाले. उद्‌घाटनाचा सामना रासिंग दे इरून या संघाविरुद्ध होता आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला. या मैदानावरील पहिला गोल पिचीचीने केला. पुढे शंभर वर्षे, म्हणजे २०१३ मध्ये शेजारी नवे मैदान उभे राहीपर्यंत, अ‍ॅथलेटिक तेथेच खेळला. त्या शतकातल्या सगळ्या गोलांच्या आरंभी त्याचे नाव आहे.

राष्ट्रीय साखळी नसल्यामुळे मोसमाचा कळस म्हणजे राजाच्या नावाचा चषक, कोपा देल रे. प्रांतिक स्पर्धेतील विजेत्यांना त्यात प्रवेश मिळे. १९१३ च्या अंतिम फेरीत अ‍ॅथलेटिकने रासिंग दे इरूनशी २-२ अशी बरोबरी केली आणि फेरसामना ०-१ ने गमावला. त्यानंतर मात्र १९१४, १९१५ आणि १९१६ असा सलग तीन वर्षे चषक बिल्बाओला गेला. यांपैकी १९१५ चा अंतिम सामना पिचीचीच्या कारकिर्दीचे शिखर मानायला हवा: बार्सेलोनाच्या एस्पान्योल संघाचा ५-० असा फडशा पडला आणि त्यात तीन गोल एकट्या पिचीचीचे होते. पुढच्या वर्षी माद्रिद संघालाही ४-० अशी हार पत्करावी लागली. या काळात संघाला बिली बार्न्स हा इंग्रज प्रशिक्षक लाभला होता. शेफील्ड युनायटेडला १९०२ चा इंग्लिश एफए चषक मिळवून देणारा गोल त्याच्याच नावावर आहे. १९२० च्या अंतिम सामन्यात बार्सेलोनाने अ‍ॅथलेटिकला २-० असे हरवले. १९२१ मध्ये चषक पुन्हा बिल्बाओत आला.

पिचीचीने एकूण किती गोल केले, याचे निरनिराळे आकडे छापलेले आढळतात. चषकाचे सामने, प्रांतिक स्पर्धा आणि वर्षभर चालणारे मैत्रीपूर्ण सामने यांपैकी काय धरायचे आणि काय सोडायचे, यावर बेरीज बदलते. मैत्रीपूर्ण सामन्यांना तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वजन होते, त्यामुळे ते सरसकट वगळणे त्या काळाला धरून होणार नाही.

स्पेनचा राष्ट्रीय संघ प्रथमच मैदानात उतरला तो १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, आणि पिचीची त्या संघात होता. २८ ऑगस्टला ब्रुसेल्स येथे डेन्मार्कवर १-० असा विजय मिळाला, पण दुसऱ्याच दिवशी यजमान बेल्जियमने स्पेनला ३-१ असे हरवले. अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांच्या निषेधार्थ मैदान सोडून गेला आणि बाद ठरला. त्यामुळे रौप्यपदकासाठी उरलेल्या संघांत नव्याने लढती झाल्या. त्यांतील स्वीडनविरुद्धचा सामना स्पेनच्या फुटबॉलमध्ये दंतकथेसारखा सांगितला जातो: संघ ०-१ असा मागे असताना अ‍ॅथलेटिकच्या धिप्पाड बेलाउस्तेने आपल्याच क्लबच्या साबीनोकडे ओरडून चेंडू मागितला आणि बचावपटूंना अंगावर घेत तो थेट जाळ्यात नेला, नंतर आसेदोच्या गोलने सामना २-१ असा जिंकला. इटलीवर २-० अशी मात करून ५ सप्टेंबरला स्पेनने नेदरलँड्सला ३-१ असे हरवले आणि रौप्यपदक मिळवले. या शेवटच्या सामन्यातील एक गोल पिचीचीचा. पाचही सामने खेळलेल्या पिचीचीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशा रीतीने नऊ दिवसांत सुरू होऊन संपली.

त्याच वर्षी बास्क चित्रकार आउरेलियो आर्तेता याने मैदानावर एका तरुणीशी बोलत उभ्या असलेल्या फुटबॉलपटूचे चित्र काढले. तो फुटबॉलपटू पिचीची असून ती तरुणी पुढे त्याची पत्नी झाली. खेळाडू हा चित्राचा विषय व्हावा, ही बिल्बाओत फुटबॉलला आलेल्या प्रतिष्ठेची खूण होय.

शेवटच्या काळात मात्र सान मामेसचे प्रेक्षक त्याच्यावर नाराज झाले. खेळ मंदावल्याची टीका होऊ लागली, हुर्योही उडवली गेली. ज्याने त्या मैदानाचा पहिला गोल केला, त्याच्या वाट्याला हे यावे, ही या कारकिर्दीतील सर्वांत खेदाची बाब आहे. १९२१ मध्ये त्याने खेळणे थांबवले आणि तो पंच म्हणून काम करू लागला. पण काही महिन्यांतच, मार्च १९२२ च्या सुरुवातीला, वयाची तिशीही पुरी होण्याआधी त्याचे निधन झाले. मृत्यूचे कारण टायफस असे सांगितले जाते.

दैनिक ‘मार्का’ने १९५२-५३ च्या मोसमापासून साखळीतील सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला पिचीचीच्या नावाचा करंडक देण्यास सुरुवात केली. त्या मोसमात तो २४ गोल करणाऱ्या तेल्मो सारा याला मिळाला, आणि सारा हाही अ‍ॅथलेटिकचाच आघाडीपटू होता. लिओनेल मेस्सीने हा करंडक आठ वेळा जिंकला आहे.

बिल्बाओतील स्मारक त्याहून जुने आहे. ८ डिसेंबर १९२६ रोजी सान मामेसवर शिल्पकार किन्तीन दे तोर्रे याने घडवलेला पिचीचीचा अर्धपुतळा बसवण्यात आला आणि नवे मैदान झाल्यावर तो तेथे नेण्यात आला. या मैदानावर प्रथमच खेळायला आलेल्या संघाचा कर्णधार सामन्यापूर्वी पुतळ्यापाशी फुलांचा गुच्छ ठेवतो. १९२७ मध्ये बुडापेस्टच्या एमटीके संघाने ही प्रथा सुरू केली.