बोडोनी की दिदो?

फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर किंवा अत्तराच्या खोक्यावर भरदार उभ्या रेघा आणि केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा असलेली रोमन अक्षरे दिसली, की कोणी त्यांना बोडोनी म्हणतो, तर कोणी दिदो. हा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण दोन्ही टंक, म्हणजे अक्षरांचे घाट, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकमेकांच्या कामावर नजर ठेवून घडले. १७६८ पासून इटलीतल्या पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळणारे जांबातिस्ता बोडोनी आणि पॅरिसच्या मुद्रक घराण्यातले फर्मँ दिदो या दोघांनीही बोरूची तिरकस लय सोडून अक्षराचा अक्ष ताठ उभा केला.

फरक ओळखायचा असेल, तर भिंगाखाली कॅपिटल ‘आय’चा पाय पाहावा. दिदोत पायाची रेघ सपाट, एकसारखी बारीक असते आणि ती खांबाला, म्हणजे अक्षराच्या जाड उभ्या रेघेला, थेट काटकोनात भिडते. बोडोनीच्या मूळ छपाईत मात्र ही रेघ काही ठिकाणी किंचित खोलगट होते आणि खांबाशी जुळताना जराशी वळते, शिवाय बोडोनीच्या बारीक रेघाही सहसा थोड्या दमदार असतात. त्यामुळे दिदो थंड आणि नेमका वाटतो, तर बोडोनीत थोडी ऊब राहते, असे माझे मत आहे.

अर्थात आज ‘बोडोनी’ या नावाखाली मिळणारे सगळे फॉन्ट एकसारखे नाहीत. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळात प्रत्येक मापाचे खिळे वेगळे घडवले जात आणि लहान मापात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवली जाई. संगणकावर एकच आराखडा लहानमोठा करू लागल्यावर ही काळजी सुटली आणि मजकुराच्या मापात रेघा तुटक दिसू लागल्या. यावर उपाय म्हणून टंकरचनाकार जोनाथन हॉफ्लर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हार्पर्स बाझार’ या फॅशन मासिकासाठी केलेल्या दिदोत ६ ते ९६ पॉइंटपर्यंत (पॉइंट हे अक्षराच्या मापाचे एकक) सात वेगवेगळे आराखडे दिले, तर इतरांनी केलेल्या १९९४च्या ‘आयटीसी बोडोनी’त ६, १२ व ७२ पॉइंटचे तीन आले. म्हणून निवड करताना नावाआधी माप पाहावे. मोठ्या मथळ्याला दिदो खुलतो. चार-पाच ओळींच्या मजकुराला लहान मापाचा बोडोनी बरा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडायची असतील, तर शाई पसरून बारीक रेघा बुजतात, तेव्हा तिथे दिदोचा हट्ट धरू नये.