तेल डोक्यावर, आराम कुठून?

दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली एक स्नायू टणक होऊन वर येईल. त्याचं नाव टेम्पोरालिस. कानाच्या वरची सगळी बाजू व्यापून तो खालच्या जबड्याच्या हाडाला जाऊन भिडतो. त्याचं काम घास चावण्याचं. पण हिशेब जुळत नसताना, गर्दीतून गाडी काढताना, कधी झोपेतसुद्धा आपण दाढा आवळून असतो आणि ते आपल्या गावीही नसतं. संध्याकाळी डोकं जड झालं की खापर विचारांवर फुटतं. दिवसभर राबलेल्या या स्नायूकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत डॉक्टरांना सगळ्यात ठळकपणे आढळते ती कवटीभोवतीच्या आणि मानेच्या स्नायूंची दुखरी हळवी जागा. दाबलं की रुग्ण म्हणतो, "हो, इथंच." डोक्याला तेल चोळून घेताना नेमक्या याच जागी बोटं थांबतात आणि आपण डोळे मिटतो. हा आराम खरा आहे, आणि शरीरशास्त्राने त्याची बरीच उकल केली आहे. पण आपण त्याचं श्रेय बहुतेक वेळा बाटलीला देऊन मोकळे होतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा हाताचा आहे.

डोक्याची त्वचा कवटीला चिकटून बसलेली नसते. कपाळावर एक स्नायू आणि मागे दुसरा, दोघांना जोडणारा मधला चिवट पापुद्रा, आणि त्याखाली एक सैल थर, अशी रचना असते. त्या सैल थरामुळेच भुवया उंचावल्या की केसांची रेषा मागेपुढे सरकते. चंपी करणाऱ्या मुरलेल्या माणसाचा हात पाहिला तर तो बोटं केसांवरून घासत नाही. बोटं एका जागी रोवतो आणि त्वचाच कवटीवरून गोल फिरवतो. केस ओढले जात नाहीत, तुटत नाहीत, आणि दाब थेट स्नायूंवर पडतो.

मग हात मागे जातो. "आई, जरा मानेपाशी दाब ना," असं पोरं म्हणतात त्याला कारण आहे. कवटी जिथे मानेवर टेकते तिथे छोटे छोटे स्नायू आहेत आणि त्यांच्यातून वाट काढत संवेदना वाहणारी एक जाड नस डोक्याच्या मागच्या भागाकडे चढते. मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या संवेदना आणि कपाळ व डोळ्यांच्या आसपासच्या संवेदना मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मान आखडली की दुखणं कपाळात जाणवतं. मोबाइलवर तासन्‌तास मान खाली घालून बसणाऱ्यांना हे सांगायला नको. मान सोडून नुसती टाळू थोपटणारी मालिश म्हणूनच अर्धवट वाटते.

स्नायू हा एक भाग झाला. दुसरा भाग त्वचेतल्या नसांचा आहे, आणि मला तो जास्त विलक्षण वाटतो. स्पर्शाची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या बहुतेक नसा वेगवान असतात. काय टोचलं, कुठे लागलं हे त्या क्षणात कळवतात. पण १९३९ मध्ये इंग्वे झोटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाला मांजराच्या त्वचेत हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारे अगदी मंद तंतू सापडले होते. माणसात असं काही उरलेलं नसावं, असाच बराच काळ समज होता. १९८८ ते १९९० च्या सुमारास ते माणसातही सापडले, आणि तेही चेहऱ्याच्या व कपाळाच्या नसांमध्ये. कपाळातली ही नस भुवईच्या वरून निघून केसांखाली, पार माथ्याकडे जाते. पुढे हेच तंतू हातापायांच्या केसाळ त्वचेतही मिळाले. त्यांना आता सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात.

त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपण चालतो त्याच्या आसपास. काय लागलं हे कळवायला हे तंतू फारसे कामाचे नाहीत. त्यांचा संदेश मेंदूतल्या इन्सुला या भागाकडे जातो. शरीराला आतून कसं वाटतंय, याची जाणीव तिथे आकार घेते. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की त्वचेवरून ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या गतीने फिरवला तर हे तंतू सर्वात जोरात बोलतात, आणि लोकांनाही तीच गती सर्वात सुखद वाटते. त्याहून भराभर किंवा त्याहून सावकाश फिरवला तर दोन्ही गोष्टी घसरतात. नंतरच्या प्रयोगांत तापमानाचाही संबंध दिसला. ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या तापमानाच्या जवळपासचा स्पर्श त्यांना मानवतो. गार किंवा गरम स्पर्शाला ते तितके दाद देत नाहीत.

आता घरातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. आई मुलीला पुढ्यात पाटावर बसवते. वाटीतलं खोबरेल निखाऱ्यावर किंवा गॅसवर जरा धरते, करंगळी बुडवून बघते. कोमट झालं की तळहातावर घेऊन माथ्यावर थापते आणि मग बोटं सावकाश केसांतून मागे नेते. कोरड्या केसांत हात अडखळतो. तेलामुळे घर्षण कमी होतं, ऊब टिकते आणि हात आपोआप संथ, सलग चालतो. तेलाचं पहिलं मोठं काम हे आहे, आणि ते अजिबात कमी महत्त्वाचं नाही.

दाबालाही महत्त्व आहे. अमेरिकेत मायामीच्या संशोधकांनी २००९ मध्ये निरोगी माणसांना १५ मिनिटं मालिश करून हृदयाच्या ठोक्यांमधली बारीक चढउतार मोजली. मध्यम दाबाच्या मालिशीने शरीराची विसाव्याची यंत्रणा जागी झाल्याच्या खुणा दिसल्या. अगदी हलक्या हाताने मात्र उलट थोडी उत्तेजना आली. प्रयोग २० जणांचा होता, म्हणून त्यावर मोठे इमले बांधू नयेत. तरी "जरा जोर लाव" या मागणीला काही आधार आहे एवढं नक्की.

आयुर्वेदाने डोक्यावर तेल वापरण्याचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांना मिळून मूर्धतैल म्हणतात. अभ्यंग म्हणजे चोळणं, परिषेक म्हणजे धार धरणं, पिचू म्हणजे तेलात भिजवलेला कापसाचा बोळा माथ्यावर ठेवणं, आणि बस्ती म्हणजे डोक्याभोवती चामड्याची उंच पट्टी बांधून त्यात तेल साठवणं. हा क्रम उत्तरोत्तर प्रभावी मानला आहे. केरळमुळे जगभर पोचलेली शिरोधारा ही यातल्या दुसऱ्या प्रकारातली. तिच्यात हात नसतोच. कपाळावरून एका लयीत सरकत राहणारी कोमट धार तेवढी असते, आणि ती पडते नेमकी त्या मंद तंतूंच्या नसेवर. जपानी संशोधकांनी तर धारेचं तापमान आणि वेग सारखा राहावा म्हणून यंत्राने तेल सोडून तिचा अभ्यास केला, आणि धारेनंतर चिंता कमी झाल्याचं नोंदवलं.

चरकसंहितेत डोक्याला रोज तेल लावण्याचे फायदे सांगताना डोकेदुखी होत नाही, टक्कल पडत नाही, केस पिकत नाहीत, गळत नाहीत, आणि गाढ झोप लागते असं म्हटलं आहे. यातली डोकेदुखी आणि झोप या दोन गोष्टी वर सांगितलेल्या शरीरशास्त्राशी जुळतात. टक्कल आणि पिकण्याची गोष्ट वेगळी आहे. पुरुषांच्या टकलामागे आनुवंशिकता आणि डीएचटी हे संप्रेरक असतं, पिकण्यामागे रंगपेशींची झीज. चोळण्याने त्यातलं काही थांबत नाही. जपानमध्ये ९ पुरुषांना २४ आठवडे रोज ४ मिनिटं डोक्याची मालिश दिली, तेव्हा त्यांच्या केसांची जाडी किंचित वाढलेली आढळली. त्यात तेल नव्हतं, आणि ९ जणांवरून बाटलीवरच्या जाहिरातीला आधार मिळत नाही.

मग तेल जिरतं ते कुठे? त्वचेचा सर्वात वरचा मृत थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, तरी तो चोख राखण करतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजण्याचं एकक) जड रेणूंना तो आत सोडत नाही. तेलाचे रेणू त्याहून जड, बरेचसे ६५० ते ९०० च्या घरातले. म्हणजे तेल मुख्यतः त्या वरच्या थरात आणि केसांच्या मुळांशी असलेल्या खळग्यांत राहतं. त्याखाली कवटीचं हाड आहे. मेंदूपर्यंत तेलाचा थंडावा पोचतो ही कल्पना सोडून द्यायला हवी.

केसात मात्र ते शिरतं, निदान खोबरेल तरी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावा किंवा नंतर, केसांतून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी आखूड आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत सरकतं आणि पाण्याने केस फुगणं आटोक्यात ठेवतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा हा अभ्यास, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्याआधी २००१ मध्ये, याच दोघांचा सहभाग असलेल्या अभ्यासात, खोबरेल केसात शिरल्याचं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेच्या उपकरणांनी टिपलेलं होतं. शनिवारी रात्री तेल आणि रविवारी सकाळी न्हाणं, ही आपल्याकडची जुनी पद्धत म्हणून मला शहाणपणाची वाटते.

औषधी तेल काढण्याची रीत तर रसायनशाळेत शोभावी अशी आहे. एक भाग वाटलेल्या वनस्पतीचा कल्क, चार भाग तेल, सोळा भाग रस, काढा किंवा पाणी. माक्याचं तेल घरी करणाऱ्या बायका लोखंडी कढईत मंद आचेवर ते तासन्‌तास आटवतात. पाणी असेपर्यंत मिश्रण शंभर अंशांच्या आसपासच राहतं, वनस्पती करपत नाही. मग तळाचा गाळ चिमटीत घेऊन वळून बघायचा. त्याची वात झाली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, की तेल उतरवायचं. तडतड म्हणजे पाणी शिल्लक आहे. पाणी राहिलं की तेल लवकर खवट होतं, बुरशी धरते. आणि पाणी संपल्यावर कढई आचेवर राहिली तर तापमान झपाट्याने चढून सगळं जळतं. थर्मामीटर नसताना हा क्षण कानाने पकडायचा, याचं मला फार कौतुक आहे.

कोंडा असेल तर मात्र तेलापासून लांब राहा. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर थोडीफार वस्तीला असते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती आयती लागतात. "डोकं कोरडं पडलंय, तेल लाव" म्हणून रात्रभर तेल थापणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. त्यावर बुरशीनाशक शांपू आहेत. डोक्यात पुळ्या किंवा जखमा असतील तरी तेल नको.

तान्ह्या बाळाच्या टाळूबद्दल जरा जास्त काळजीने लिहावंसं वाटतं. आपल्याकडे तेलाने "टाळू भरतात". खरं तर ती भरते कवटीची हाडं वाढत जाऊन, साधारण दीड वर्षापर्यंत. वरून हलक्या हाताने तेल लावण्यात मौज आहे, माया आहे. पण दाबू नये, आणि नाकात-कानात तर थेंबही सोडू नये. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली असेल तर ती शरीरातलं पाणी कमी झाल्याची खूण आहे. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवून बाळाला लगेच डॉक्टरकडे न्यायचं. टाळू फुगून वर आली असेल, तरीही तसंच.

सलूनमध्ये चंपी संपताना हनुवटी धरून मान कडकन मोडतात, ती कृपा करून मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या झटक्याने आतून चिरू शकतात, तिथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असं प्रत्यक्ष घडलेलं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे, आणि त्यात तरुण माणसंही आहेत. "मान नको" एवढं आधीच सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. मान मोडून घेतल्यावर, काही तासांनी किंवा काही दिवसांनीही, मानेत किंवा डोक्यात कधी नव्हे अशी तीव्र कळ आली, चक्कर आली, बोलताना जीभ अडखळली किंवा तोल जाऊ लागला, तर घरी तेल चोळत बसण्यात वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा आणि मान मोडून घेतली होती हे डॉक्टरांना आधी सांगा.