राणीचं थडगं नेमकं कुठे? जुन्या इजिप्तची थोडी पार्श्वभूमी

१९०० साली इजिप्तमधल्या अ‍ॅबिडॉस या प्राचीन दफनभूमीत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला एक मोठं थडगं सापडलं, इजिप्तच्या पहिल्या राजघराण्यातल्या राजांच्या रांगेत, भोवती चाळीसेक नोकरमाणसांच्या कबरी, म्हणून त्याने ते राजाचंच ठरवून टाकलं. नंतर कळलं की ते थडगं ज्या मेरनीथचं, ती बाई होती, डेन राजाची आई, आणि मुलगा लहान असताना बहुतेक राज्यही तीच बघत होती. म्हणजे सुमारे ५००० वर्षांपूर्वी एका बाईला राजांच्या बरोबरीने जागा मिळाली होती.

पुढे पिरॅमिडांचा काळ आला आणि चौथ्या घराण्यात राण्यांची जागा राजाच्या पिरॅमिडशेजारी ठरली. यातली मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट म्हणजे हेतेफेरेसची, गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या आईची. १९२५ मध्ये गिझाला हार्वर्ड-बोस्टनच्या टीमचा फोटोग्राफर कॅमेरा लावत होता, ट्रायपॉडचा पाय टेकला तिथे खाली प्लास्टर लागलं, आणि ते उकरत गेले तर तब्बल २७ मीटर खोल शाफ्ट निघाला! खाली खोलीत लाकूड सगळं कुजून गेलेलं पण त्यावरचा सोन्याचा पत्रा तसाच पडलेला, त्यावरून पलंग, खुर्च्या, पालखी, छत्रीचा मंडप असं एकेक जोडत नेलं, किती चिकाटीचं काम आहे ते. फुलपाखरांची नक्षी जडवलेली चांदीची कडीही मिळाली, आणि त्या काळी इजिप्तमध्ये चांदी सोन्यापेक्षा दुर्मिळ होती. पालखीवरच्या सोन्याच्या अक्षरांत तिचं नाव आणि 'राजाची आई' ही पदवी वाचता आली.

१९२७ च्या मार्चमध्ये अलाबास्टर दगडाची शवपेटी उघडली तर आत काहीच नाही. पण पोटातले अवयव ठेवायची पेटी मात्र भिंतीतल्या कोनाड्यात होती आणि तिच्यात नेट्रॉनचं, म्हणजे ममी बनवताना वापरायच्या क्षाराचं, पाणी अजून शिल्लक होतं. टीमचे प्रमुख रायझनर यांचं म्हणणं, मूळ दफन गिझाच्या दक्षिणेला दहशूरच्या पिरॅमिडांजवळ झालं, चोरी झाली म्हणून सामान इथे आणलं. १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी वेगळं मांडलं, की तिला आधी इथेच ठेवलं आणि मग शेजारच्या छोट्या पिरॅमिडमध्ये हलवलं. मला हे जास्त पटतं, कारण दहशूरच्या चोरीचा पुरावाच कुठे नाहीये.

पुढे हजारेक वर्षांनी, 'नवं राज्य' म्हणतात त्या काळात, राजांची थडगी थेब्जच्या (आजच्या लक्झरच्या) डोंगरात गेली आणि रामेसेस नावाच्या राजांच्या काळात राण्यांना शेजारची वेगळी दरी मिळाली, आपण जिला राण्यांची दरी म्हणतो. तिथलं दुसऱ्या रामेसेसच्या राणीचं, नेफरतारीचं थडगं १९०४ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेली यांना सापडलं. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांचे रंग बघितले तर विश्वास बसत नाही, पण दगडातल्या मिठाने प्लास्टर सुटत चाललं होतं, ते १९८६ पासून काही वर्षं खपून वाचवलं. चोर मात्र प्राचीन काळीच येऊन गेले होते. ममीचे म्हणून गुडघ्याजवळचे काही तुकडे तेवढे मिळाले, ते आता इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहेत, तिच्या विणलेल्या चपलांबरोबर.