ब्राझिलियन जिउ-जित्सूचा सराव (गोवा)

ब्राझिलियन जिउ-जित्सू : जमिनीवर पकड घेऊन, सांधा ताणून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला हार कबूल करायला लावणारा झोंबीचा खेळ. मूळ जपानी ज्युदोत. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि ग्रेसी बंधूंनी जमिनीवरच्या डावांवर भर देत या विद्येला आजचे रूप दिले. १९९३ मध्ये यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांच्या पहिल्याच स्पर्धेत रॉयस ग्रेसीने आपल्याहून वजनदार गडी लोळवले, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. गोव्यात हा खेळ अलीकडचा असून किनारपट्टीच्या गावांत आणि शहरांतल्या जिममध्ये खेळला जातो.

या खेळातली प्रगती ‘रोल’वर अवलंबून असते. रोल म्हणजे जोडीदाराशी पाच-सहा मिनिटांची खरी झटापट. डाव नुसता पाहून किंवा ढिल्या जोडीदारावर घोटून अंगी येत नाही. समोरचा तो उधळायला बघत असतानाच तो कळतो. ही दृष्टी ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची. घातक प्रहार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, म्हणून उरलेले डाव रोज पूर्ण ताकदीने लढता येऊ लागले. जिउ-जित्सूत ही मुभा ‘टॅप’मुळे मिळते. हाताने दोनदा थोपटले की पकड सुटलीच पाहिजे. गळ्याची पकड नीट बसली तर शुद्ध काही सेकंदांत हरपते आणि ताणलेला कोपर त्याहून लवकर दुखावतो. त्यामुळे वेळेवर थोपटणे हेही शिकण्यातच मोडते. हट्टाने न थोपटणारा पुढचे दोन महिने मॅटच्या कडेला बसून काढतो.

कुस्तीच्या मातीतून आलेल्याला इथे थोडे विसरावे लागते. तालमीत पाठ टेकली की खेळ संपला. इथे पाठ टेकल्यावर ‘गार्ड’ सुरू होतो, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणे, उलटवणे, पकडणे. चितपट टाळायला पहिलवान सवयीने पालथा होतो आणि आयती पाठ देऊन बसतो. मागून गळा आवळण्याच्या त्या डावाला ब्राझीलमध्ये ‘माता लेआंव’ म्हणतात, म्हणजे सिंह मारणारा.

पहिले काही महिने नवखा फक्त दबलेला असतो. श्वास रोखून, सगळी ताकद लावून तो दोन मिनिटांत संपतो. प्रगतीची पहिली खूण डाव जिंकणे ही नसते. खालून श्वास चालू ठेवता येतो, कोपर अंगालगत राहतात, कालच्याच जोडीदाराला तोच गळा धरायला आज दुप्पट वेळ लागतो. पण तो जोडीदारही शिकतच असतो, त्यामुळे दोघांनाही आपण जागीच आहोत असे वाटत राहते. खरा अंदाज नवा माणूस आला की येतो. गोव्यात अशी माणसे हंगामात येतात : ऑक्टोबर ते मार्च देशोदेशीचे पाहुणे एखाद्या वर्गाला डोकावतात आणि रोजच्या चार जोडीदारांची लकब पाठ झालेला गडी पहिल्याच पकडीत गांगरतो. रोज सगळे लढण्यापेक्षा एकच स्थिती धरून, उदाहरणार्थ छातीवर बसलेल्याखालून सुटणे, पुन्हा पुन्हा लढणे अधिक उपयोगी. कंटाळवाणे असल्याने ते सगळेच टाळतात. आठवड्यातून एकदा तीन तास घाम गाळण्यापेक्षा तीनदा एकेक तास अंगाला जास्त लागतो.

नियमितपणाची कसोटी मात्र पावसाळ्यात लागते. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ‘गी’ हा जाड सुती पोशाख दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या गीत मॅटवर उतरणे म्हणजे गजकर्णाला आवतण. दोन गी, रोज पुसलेली मॅट, कापलेली नखे आणि सरावानंतर लगेच आंघोळ, एवढ्यावर निभावते. अंगावर चट्टा दिसल्यावर घरी थांबणे हा शिष्टाचार आहे. पुढे चवथीला वर्ग ओस पडतात. मोदक-नेवऱ्यांनंतर परतलेल्यांचा पहिला रोल बघण्यासारखा असतो.

प्रौढांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असे चढतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वसाधारण नियमानुसार निळ्यावर किमान २ वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर १ वर्ष काढावे लागते. काळा पट्टा वयाच्या १९व्या वर्षाआधी मिळत नाही. प्रत्यक्षात तिथवर पोहोचायला दहाएक वर्षे सहज जातात. काळ्याच्याही पुढे, लाल-काळ्या पट्ट्याच्या मानकऱ्याला पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्र’ म्हणतात. गोवेकराला हा शब्द परका नाही. इथे सुताराला मेस्त म्हणतात तो त्यातूनच आला.