गिट्टीखदानात गिट्टी बाहेरून येते

भाच्याच्या घराचं बांधकाम गिट्टीखदान भागात चालू आहे. स्लॅबच्या आदल्या दिवशी मी तिथं गेलो तेव्हा टिप्पर नुकताच गिट्टी, म्हणजे काँक्रीटची खडी, ओतून मागे सरकत होता. धूळ जरा बसल्यावर ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, गिट्टी कुठची?" "पाचगावची," तो म्हणाला. पाचगाव उमरेड रोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. काटोल रोडवरच्या ज्या वस्तीचं नावच दगडाच्या खदानीवरून पडलं, तिथं घर बांधायला दगड अख्खं नागपूर ओलांडून येतो.

इथला दगड संपला म्हणून असं झालं असं समजू नका. ढिगातला एक तुकडा मी उचलून पाहिला. काळा, हाताला जड, कडा धारदार, मध्येच एखादा पांढरा ठिपका. हाच बेसाल्ट, आपला काळा पाषाण, भाच्याच्या पायाखालीही आहे. पाया खोदताना ब्रेकर लावावा लागला तो त्याच्यामुळेच. पण आता त्यावर घरं आहेत, शाळा आहेत, रस्ते आहेत. दगड जागच्या जागी आहे आणि तरीही तो आपल्या कामाचा उरलेला नाही. खाणीच्या नियोजनात याला खनिज कुलूपबंद होणं म्हणता येईल, आणि एकदा लागलेलं हे कुलूप सहसा उघडत नाही.

कारखाना बुटीबोरीला नेता येतो, बाजार कळमन्याला हलवता येतो. खाण मात्र खनिज असेल तिथंच काढावी लागते. गिट्टीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: माल जड आणि स्वस्त. बेसाल्टचा एक घनमीटर अखंड तुकडा पावणेतीन ते तीन टन भरतो. त्यामुळे खाणीच्या तोंडाशी जो भाव असतो, त्यात प्रत्येक किलोमीटरला डिझेल मिसळत जातं. मँगनीज किंवा कोळसा रेल्वेनं शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. गिट्टीला ते परवडत नाही, म्हणून खाण शहराजवळच लागते. आणि शहराजवळची, चांगल्या रस्त्यालगतची जमीन आणखी कुणाला हवी असते? लेआउट पाडणाऱ्याला. "शहरापासून फक्त वीस मिनिटं" हा फलक लावणारा बिल्डर आणि क्रशरवाला, दोघांचा डोळा एकाच जमिनीवर असतो. एकरी भावात क्रशरवाला नेहमीच हरतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मुख्यतः जिल्ह्याच्या पातळीवर, कौंटी कौन्सिलांकडे सोपवलेला आहे. कौन्सिल पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा खनिज आराखडा करते, जमीनमालक आणि कंपन्यांकडून संभाव्य जागा मागवते, त्यातल्या काही निवडते आणि बाकीच्या कारणं देऊन नाकारते. परवाना मिळालेला शिल्लक साठा भागिले वर्षाची मागणी असा साधा हिशेब ठेवावा लागतो: वाळू-गोट्यांचा किमान ७ वर्षांचा आणि फोडलेल्या दगडाचा किमान १० वर्षांचा साठा हाताशी हवा. शिवाय नकाशावर राखीव पट्टे आखतात. त्या पट्ट्यात घरं बांधायचीच असतील तर खालच्या खनिजाचं काय करणार, हे आधी सांगावं लागतं. पट्टा राखला म्हणजे तिथं खाण येणारच असं नाही. नातवंडांच्या काळात लागली तर जागा मोकळी असावी, एवढाच त्याचा अर्थ.

नागपूरकरांना या विषयाचं अप्रूप वाटायचं कारण नाही. सिव्हिल लाइन्समध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आहे, तिथंच वेस्टर्न कोलफिल्ड्सचं, काटोल रोडला मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं विभागीय कार्यालय आहे, आणि राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही याच शहरात. देशभरच्या खाणींचा हिशेब जिथं ठेवला जातो, तिथं घरच्या गिट्टीचा हिशेब लावायला काय हरकत आहे?

नागपूर भूगर्भाच्या दृष्टीनं मोठ्या मोक्याच्या जागी बसलं आहे. पश्चिमेला काटोल-हिंगण्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यातलाच एक तुकडा म्हणजे सीताबर्डीची टेकडी. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस आणि ग्रॅनाइटच्या जातीचे खडक. उत्तरेला कामठी-सावनेरकडे गोंडवना काळातला कोळसा आणि वालुकाश्म, आणि रामटेकच्या अंगाला मनसर, कांद्री इथलं मँगनीज. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हे पाद्री.

आता गिट्टीवाल्याच्या नजरेतून लाव्हाकडे पाहू. लाव्हाचा प्रत्येक थर वरून जाळीदार असतो, कारण निघून जाणाऱ्या वायूंचे बुडबुडे तिथं अडकून राहिले. ढिगातला तो पांढरा ठिपका म्हणजे असाच एक बुडबुडा, नंतर खनिजांनी भरलेला. थराचा मधला भाग घट्ट, तोच खरा गिट्टीचा दगड. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा, कधी गाळाचा मऊ पदर येतो. आणि सगळ्यांच्या वर काळी माती, तिच्याखाली कुजलेल्या दगडाचा मुरूम. "इथं सगळीकडे दगडच तर आहे" हे वाक्य म्हणून अर्धंच खरं. कोळसा किंवा मँगनीजसाठी प्राथमिक पाहणीपासून तपशीलवार शोधापर्यंत जी-४ ते जी-१ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्यांत बोअर मारून नमुनेही काढले जातात. गौण खनिजांना हा मान क्वचितच मिळतो. १९५७ च्या खाण कायद्यानं बांधकामाचा दगड, मुरूम, रेती यांना 'गौण' ठरवून त्यांचे नियम करण्याचं काम राज्यांकडे दिलं. शब्द फसवा आहे. गौण खनिजाशिवाय एक भिंत उभी राहत नाही.

रेतीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त अवघड. पुण्याकडे जिला वाळू म्हणतात ती आमची रेती. नागपुरात मिस्त्री कन्हानची रेती मागतो, हिंगण्याच्या नाल्यातली मागत नाही. ही नुसती सवय नव्हे. रेती टिकते ती क्वार्ट्झमुळे, म्हणजे गारेच्या कणांमुळे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच. तो कुजला की शेवटी चिकण काळी माती होते. कन्हान आणि वैनगंगा ज्या जुन्या खडकांवरून आणि वालुकाश्मांवरून येतात त्यांत क्वार्ट्झ भरपूर. त्यांच्या पात्रातली मूठभर रेती तळहातावर चोळा, करकर वाजते आणि हाताला मळ फारसा लागत नाही. म्हणून सगळ्या शहराची भूक मोजक्या नद्यांच्या मोजक्या घाटांवर पडते.

दगडाचा साठा एकदाच मोजायचा असतो, रेतीचा दरवर्षी. पावसाळ्याआधी घाटाची पातळी मोजायची, पूर ओसरल्यावर पुन्हा मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे नदीनं यंदा आणून टाकलेली रेती, पुनर्भरण. एक काल्पनिक घाट घ्या: ५०० मीटर लांब, ४० मीटर रुंद, आणि पुरानं सरासरी १ मीटर थर टाकला. झाले २०,००० घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे सात हजारांच्या थोडे वर ब्रास, आणि एका टिप्परमध्ये ४ ब्रास धरले तर पावणेअठराशेच्या आसपास फेऱ्या. फेऱ्या त्याहून जास्त झाल्या की नदीच्या मुद्दलाला हात लागला. पुराचा थर १ मीटरऐवजी ४० सेंटीमीटरचाच निघाला तर? वर धरण असेल तर तसंच होतं. कन्हानला मिळणाऱ्या पेंचवर तोतलाडोह आहे, त्याच्या वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण आहे. धरण पाणी सोडतं, रेती सोडत नाही. ती जलाशयाच्या तोंडाशीच बसते.

मुद्दल काढलं तर काय होतं? त्या २०,००० घनमीटर रेतीच्या कणांमधल्या पोकळ्यांत, तीस टक्के धरल्या तरी, ६० लाख लिटर पाणी मावतं. रेती गेली की ही टाकी गेली, आणि काठच्या विहिरींची पातळी पात्राबरोबर खाली सरकते. नागपूरला पिण्याचं पाणी देणाऱ्यांत कन्हान आहे, हे लक्षात घ्या. दुसरं कमी दिसणारं: पात्रात खोल खड्डा झाला की त्याच्या वरच्या कडेवरून पाणी वेगानं उतरतं आणि ती कड कुरतडत नेतं. खड्डा जणू प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत जातो आणि उपशाच्या जागेपासून बऱ्याच वर असलेल्या पुलाचे पाय उघडे पाडतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ मीटरची खोली मर्यादा आहे, काठांकडचा भाग सोडून पात्राच्या मधल्या तीन-चतुर्थांशातच उपसा करायचा आहे, पुलांपासून अंतर राखायचं आहे, ते यासाठी.

नियोजनाचं आपल्याकडचं हत्यार म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हरियाणातल्या प्रकरणात गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं म्हटलं, आणि जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनं हा अहवाल आणला. कुठं खनिज आहे, किती आहे, कुठं काढू नये, हे जिल्ह्यानं आधीच लिहून ठेवायचं. मसुदा २१ दिवस लोकांसमोर ठेवायचा, दर ५ वर्षांनी नवा करायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं पुनर्भरणाच्या अभ्यासाशिवाय रेतीचा अहवाल ग्राह्य नाही असंही स्पष्ट केलं. राज्याचं धोरण तोवर दोनदा फिरलं होतं: २०२३ मध्ये सरकारी डेपोवरून ६०० रुपये ब्रास, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव आणि कृत्रिम रेतीवर भर. विक्रीची पद्धत बदलत राहते. नदीला त्यानं फरक पडत नाही, तिच्या पात्रात जे आहे तेच आहे.

मला खटकतं ते दुसरंच. हा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेचा. विकास आराखडा मात्र नियोजन प्राधिकरणाचा: शहराबाहेर एनएमआरडीएचा, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, तोही साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासच्या टापूसाठी, १९६६ च्या नगररचना कायद्याखाली. एका नकाशावर खनिजाचे ठिपके, दुसऱ्यावर निवासी विभागाचा पिवळा रंग. हे दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले पाहिजेत, आणि तेही लेआउट मंजूर व्हायच्या आधी.

उजेडात धरायचे का, तर सुरुंगासाठी. स्फोटाची लाट जमिनीतून जाते आणि अंतराबरोबर विरते. एका वेळी किती स्फोटक उडवलं यावर तिचा जोर ठरतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानं साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ठरवली: ८ हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येला सेकंदाला ५ मिलिमीटर, २५ हर्ट्झच्या वर १५. मंद कंपनाला मर्यादा कडक, कारण बैठ्या घराची स्वतःची डुलण्याची गती त्याच्याजवळ असते. झोक्याला त्याच्याच तालात ढकललं की तो उंच जातो, तसं. आता ही गंमत बघा. खाण वीस वर्षं शेतांच्या मध्ये चालू असते, मग लगत प्लॉट पडतात, घरं होतात, भिंतीला चीर जाते, तक्रार होते. घरवाल्याची तक्रार खरीच असते. खाणवालाही खोटा नसतो. चूक पंधरा वर्षांपूर्वी त्या नकाशावर रंग भरताना झालेली असते, आणि तेव्हाचा अधिकारी बदलून केव्हाच गेलेला असतो.

सगळंच नव्यानं खणायला हवं असंही नाही. कोळशाच्या उघड्या खाणीत कोळशावरची जी माती-दगड बाजूला काढतात, त्यात कामठीच्या वालुकाश्माचा चुरा भरपूर. वेस्टर्न कोलफिल्ड्सनं नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव इथं तो धुऊन-चाळून रेती काढायला सुरुवात केली. गंमत म्हणजे भूमिगत खाणींच्या पोकळ्या भरायला हीच कंपनी पूर्वी नदीची रेती वापरत असे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख विटांत जाते. बुलढाणा जिल्ह्यात नाल्यांचं खोलीकरण आणि महामार्गाला लागणारा मुरूम यांचा मेळ घातला गेला. मुरूम रस्त्याला, खड्डा पाण्याला. मला हा विचार फार आवडतो, कारण त्यात खड्ड्याचं पुढं काय हे खणायच्या आधी ठरतं. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ अॅटनबरोला गोटे-वाळू काढलेल्या तळ्यांवर १९६६ पासून पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. आपल्याकडे जुन्या खदानीत पाणी साचतं, आणि दर पावसाळ्यात पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या येतात.

हे सगळं भाच्याला सांगत होतो तेव्हा तो स्लॅबच्या सळया बघत होता. म्हणाला, "मामा, म्हणजे आपल्या प्लॉटखाली किती गिट्टी असंल?" हिशेब सोपा होता. १,५०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली चांगला घट्ट दगड ३० फूट धरला तर ४५,००० घनफूट. म्हणजे ४५० ब्रास, आणि फोडल्यावर दगड फुगतो, दीडपट तरी. त्यानं टिप्परवाल्याच्या पावतीकडे पाहिलं. स्लॅबसाठी त्यानं ४ ब्रास मागवली होती.